खरी बाहुली कोणती?

अमेरिकेत ॲरिझोनातले होपी लोक कॉटनवूड झाडाच्या मुळातून बाहुल्या कोरतात. पावसाचे गाऱ्हाणे वर नेणाऱ्या कात्सिना दूतांची ही रूपे. सणात त्या दूताच्या वेषातला नर्तक ती लहान मुलीच्या हाती देतो. ती घरी टांगली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संग्राहक आले, मागोमाग रेल्वेने पर्यटक. भेटवस्तूला भाव आला, मग नकलाही आल्या. १९९० च्या कायद्याने परक्याचा माल आदिवासींचा म्हणून विकणे गुन्हा ठरले. म्हणून, मंडळी, घेणाऱ्याने आधी कारागिराचे नाव-गाव विचारावे, असे मला वाटते. पण तेवढ्याने भागते का? २०१३ साली पॅरिसमध्ये होपींचा विरोध डावलून त्यांच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. ते मुखवटे अस्सलच होते.