तहात न मावलेली नावे

युद्ध संपले म्हणजे कालचे शत्रू आज बोलणी करण्यास बसतात. मुलूख कोणाकडे राहावयाचा, खंडणी किती द्यावयाची, कैदी कधी सोडावयाचे, याचा हिशेब मांडला जातो आणि त्या हिशेबास आपण तह म्हणतो. परंतु प्रत्येक युद्धात असे काही सैनिक असतात की, ज्यांचे नाव कैद्यांच्या यादीत नसते आणि मृतांच्याही यादीत नसते. त्यांच्याविषयी बोलणे हे मुत्सद्द्यांचे सर्वांत अवघड काम होय. 'माझे तू दे, तुझे मी देतो' असे कैद्यांबाबत म्हणता येते. पण ज्याच्याविषयी समोरचा पक्ष 'तो माझ्यापाशी नाहीच' असे सांगतो, त्याची मागणी कोणत्या आधारावर करावयाची?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. विश्वासरावांचा देह शत्रूच्या हाती लागला. तो दहनासाठी मिळावा म्हणून शुजाउद्दौल्याने अब्दालीपाशी रदबदली केली आणि ती मान्य झाली. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही हकीकत लिहून ठेवली आहे. सदाशिवरावभाऊंचा शोध मात्र रणांगणावरील प्रेतांतून घ्यावा लागला. शिर नसलेले एक धड सापडले, आणि अंगावरील खुणांवरून ते भाऊंचे असे ठरविण्यात आले. पुण्यात ही ग्वाही पोचली, पण सर्वांच्या मनाला ती पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ साली मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. मधल्या काळात भाऊंचा तोतया निघाला. १७७६ मध्ये त्याने कोकणात एवढे बळ जमविले की, पेशव्यांच्या कारभाऱ्यांस त्याच्यावर फौज पाठवावी लागली. एका माणसाच्या मृत्यूचा निःसंदिग्ध पुरावा नसला, तर त्याची झळ घराप्रमाणे राज्यासही लागते, हे पानिपतोत्तर इतिहासाने दाखवून दिले.

उत्तरेतून आता दक्षिणेकडे वळू. मी राहतो ते राजाजीनगर बंगळूरच्या जुन्या किल्ल्यापासून काही मैलांवर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या किल्ल्यात आणि श्रीरंगपट्टणात हैदर व टिपू यांनी युद्धकैदी ठेवले होते. ११ मार्च १७८४ रोजी मंगळूर येथे इंग्रज व टिपू यांचा तह झाला आणि त्यात कैदी सोडण्याचे कलम घालण्यात आले. शेकडो कैदी परत गेलेही. तथापि सर्व गेले नव्हते. जेम्स स्करी नावाचा पोरवयात पकडला गेलेला खलाशी तहानंतर काही वर्षांनी म्हैसूरच्या हद्दीतून निसटला, तेव्हा मागे राहिलेल्यांची कहाणी त्याच्या तोंडून बाहेर पडली.

मराठ्यांचा अनुभव याहून थोडा वेगळा होता. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले, तेव्हा तेथील कारभारी काळोपंत पेठे त्याच्या कैदेत पडले. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात त्यांची सुटका ठरली. काळोपंत कोण, ते कोणाच्या कैदेत आहेत, हे पुणे दरबारास ठाऊक होते, म्हणून त्यांची मागणी करता आली. पुढे १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यानंतर इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी टिपूशी तह केला. मराठ्यांच्या वतीने हरिपंत फडके तेथे होते. निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये या मागण्यांच्या जोडीला एक मागणी अशी होती की, हैदरच्या काळापासूनचे सर्व कैदी सोडावेत. रुपयांचा आकडा नेमका आणि कैद्यांचा मोघम! आठ वर्षांपूर्वीच्या तहातून माणसे निसटून राहिली होती, याची ती कबुलीच होती. पण ती माणसे कोण, हे त्या कलमास सांगता आले नाही.

मोघमपणाचा हा दोष दूर करण्याचा यत्न १९४९ च्या जिनिव्हा करारात झाला. पकडलेल्या सैनिकाने आपल्या घरी व मध्यवर्ती कचेरीकडे एक पत्रक पाठवावे, यासाठी छावणीत पोचल्यापासून एका आठवड्याच्या आत त्यास संधी द्यावी, आणि प्रत्येक पक्षाने माहितीकेंद्र चालवावे, अशी व्यवस्था करण्यात आली. सरकारी दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे, त्यास या लहानशा पत्रकाचे मोल कळेल. माणूस एकदा नोंदीत आला की, त्याला नाहीसा करणे कठीण होते.

भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी हा करार स्वीकारलेला आहे. तरीही १९७१ च्या युद्धानंतर जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक होते. जुलै १९७२ मध्ये सिमला येथे करार झाला. त्यात कैद्यांच्या परतीचा विषय पुढील बोलण्यांसाठी राखून ठेवण्यात आला. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथे सहाशेहून अधिक भारतीय कैदी स्वदेशी परतले. २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर पूर्वेकडील पाकिस्तानी कैद्यांची पाठवणी सुरू झाली आणि एप्रिल १९७४ मध्ये ती पुरी झाली. हिशेब मिटला, असे कागदोपत्री झाले.

पण काही घरांत तो मिटला नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात बेपत्ता झाले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी त्या दिवसांत एका पाकिस्तानी वृत्तपत्राने छापली, आणि तीत त्यांच्या नावाशी जुळणारे एक नाव होते. परतलेल्यांत मात्र ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या व १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी अनेक दशके पतीचा शोध चालू ठेवला. दोन शतकांपूर्वीच्या पार्वतीबाईंची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी अशा चाळीस जणांची यादी संसदेपुढे ठेवली. पुढे ५४ हा आकडा रूढ झाला. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत नेण्यात आले. जून २००७ मध्ये चौदा नातेवाइकांनी पाकिस्तानातील अनेक तुरुंग पाहिले. कोणीही सापडले नाही. असे कैदी आमच्यापाशी नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले आहे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्या प्रसंगी भारत आपल्या बेपत्ता सैनिकांचा विषय काढीत आला आहे. पण यादी मुळात त्यांचीच होते, ज्यांना ताब्यात असल्याचे मान्य केले जाते. ज्यांचे अस्तित्वच अमान्य आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट हवी.

तशी वाट निघू शकते, याचा दाखला व्हिएटनामने दिला आहे. १९७३ च्या पॅरिस करारानंतर ५९१ अमेरिकन कैदी परतले. दोन हजारांहून अधिक जणांचा ठावठिकाणा उरला. आरंभी आरोप-प्रत्यारोपच झाले. १९८७ मध्ये जनरल व्हेसी हानोईस गेले आणि पुढील वर्षापासून दोन्ही देशांची पथके मिळून विमाने कोसळलेल्या जागा खणू लागली. राजनैतिक संबंध जुळले ते त्यानंतर, १९९५ मध्ये. आजवर हजाराहून अधिक अमेरिकनांचे अवशेष ओळखले गेले आहेत. व्हिएटनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक लाखांच्या घरात आहेत, आणि त्यांच्या शोधातही आता अमेरिकेचे साहाय्य मिळते. तेथे प्रश्न बदलला, म्हणून उत्तर मिळू लागले. 'माझा माणूस दे' याऐवजी 'माझ्या माणसाचे काय झाले, ते आपण मिळून शोधू' असे म्हणता आले.

सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत, असे आपला कायदा गृहीत धरतो. वारसा आणि निवृत्तिवेतन यांसाठी अशी मर्यादा लागतेच. परंतु गृहीत धरणे वेगळे आणि कळणे वेगळे. शोरकोटच्या परिसरात त्या दिवशी कोणते विमान पडले, वैमानिक कोठे नेण्यात आला, त्याची नोंद कोणत्या वहीत झाली, हे सांगण्यात आज कोणत्याही राष्ट्राचे लष्करी गुपित फुटणार नाही. १९७१ ची दप्तरे दोन्ही बाजूंनी परस्परांस दाखविणे हे कैदी परत करण्याहून सोपे आहे, आणि घरच्यांच्या वाट्याचे उत्तर आता बहुधा तेथेच आहे. त्यांपैकी अनेकांच्या हाती आता फार वर्षे उरलेली नाहीत.