काय पाहावे, काय सोडावे : लोहाऱ्याच्या बाजूने

नाट्यमहोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हाती आली की प्रेक्षकाचे पहिले काम निवडीचे. कोणता प्रयोग पाहायचा, कोणता सोडायचा, हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यालाही इतिहास आहे याचे भान राहत नाही. सांगली, पुणे, मुंबई या गावांवर नजर ठेवून लिहिलेल्या आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत प्रेक्षक बहुधा गृहीत धरलेला असतो. आम्ही तो लोहाऱ्याच्या बाजूने पाहू इच्छितो.

विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३चे, किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८०चे. पुढची तीसचाळीस वर्षे नाटक प्रेक्षकाकडे जात असे. मंडळी सामानसुमानासह गावी येई, मुक्काम ठोकी, आपल्याजवळची नाटके एकामागून एक लावी. आज चुकले तर पुढच्या मुक्कामी पाहू, असे म्हणण्याची सोय होती. पण मंडळी आगगाडीने फिरत आणि आगगाडी कुठे जाई हे महत्त्वाचे होते. सोलापूर मोठ्या लोहमार्गावर आणि इंग्रजी मुलखात. लोहारा निजामाच्या राज्यात, लोहमार्गापासून दूर. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली, तीही येडशीवरून. उस्मानाबाद शहरसुद्धा तिने बाजूला ठेवले. (त्या शहराला रेल्वे मिळाली ती थेट एकविसाव्या शतकात.) त्यामुळे फिरत्या मंडळ्यांचा सुवर्णकाळ असे ज्याला म्हणतात, तो या भागाच्या कडेकडेने निघून गेला असे म्हणावे लागते. येथल्या माणसाची रात्र जागवली ती भजनाने, भारुडाने आणि तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळाने. गोंधळ पहाटेपर्यंत चाले आणि त्यातला कोणता भाग पाहावा असा प्रश्न कोणी विचारत नसे.

१९२१ हे साल या संदर्भात आम्हांस फार बोलके वाटते. त्या वर्षी जुलैत मुंबईला बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. त्याच वर्षी आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर याच शाळेत आले. म्हणजे ज्या चळवळीचे वारे मुंबईच्या नाट्यगृहात खेळत होते, तेच हिप्परग्यातही पोहोचले होते. नाटक मात्र मुंबईतच राहिले. निजामी राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ने जाहीर सभांवर परवानगीचे बंधन घातले होते. अशा ठिकाणी चार माणसे एकत्र बसणे हीच आधी मिळवण्याची गोष्ट होती.

महोत्सवाच्या अर्थाने निवड आली ती चाळीसच्या दशकात. सांगलीला १९४३ मध्ये रंगभूमीची शताब्दी झाली आणि पुढच्या वर्षी डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाने मोठा नाट्यमहोत्सव भरवला. बोलपटाने मंडळ्या मोडीत काढल्या होत्या, तेव्हा ओळीने अनेक नाटके एकाच जागी दिसणे हा दिलासाच होता. नाटक आता प्रेक्षकाच्या गावी येणार नव्हते. प्रेक्षकाने त्याच्याकडे जायचे होते, तेही ठरलेल्या तारखांना. १९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. पण ते राज्य मुंबईचे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६च्या नोव्हेंबरात. हौशी रंगभूमीच्या या सर्वांत मोठ्या व्यासपीठाच्या पहिल्या वर्षांत आमचा भाग हद्दीबाहेरच होता, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात.

१९०५ पासून भरणारे नाट्यसंमेलन या जिल्ह्याच्या ठिकाणी आले ते २०१७च्या एप्रिलमध्ये. सत्त्याण्णवावे संमेलन, अध्यक्ष जयंत सावरकर, शहराचे नाव तेव्हा उस्मानाबाद. धाराशिव हे नाव अधिकृतपणे आले २०२३ मध्ये. पुढच्याच वर्षी मुलुंडचे संमेलन सलग ६० तास चालले. तेथे झोप कधी घ्यावी हेसुद्धा पत्रिकेत आखून ठेवावे लागले असेल!

निवडीचे जे निकष वर्तमानपत्रांतून सांगितले जातात, ते शहरी प्रेक्षकासाठी असतात. नामवंत नट, गाजलेला दिग्दर्शक, शंभरावा प्रयोग. शहरातला माणूस हुकलेले नाटक पुढच्या महिन्यात पाहतो. लोहाऱ्याहून सोलापूर, लातूर किंवा धाराशिव गाठणाऱ्याला रात्रीच्या परतीच्या एसटीचा विचार करावा लागतो आणि त्याला बहुधा एकच प्रयोग मिळतो. त्याने विचारायचा प्रश्न वेगळा : यातले कोणते पुन्हा दिसणार नाही?

‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या ‘पीडीए’ने ते प्रथम केले आणि १९ प्रयोगांनंतर थांबवले. पुढे थिएटर अ‍ॅकॅडमीने ते जगभर नेले, हे खरे. परंतु विसावा प्रयोग होईल की नाही हे त्या एकोणीस रात्री बसलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. हौशी संस्थांच्या कित्येक नाटकांना तर दुसरी संस्था मिळतच नाही. व्यावसायिक नाटक दौऱ्यावर येते, चित्रित होते. हौशी नाटक संपले की संपले, आणि त्याची संहिताही बहुधा छापली जात नाही.

येथे आमच्याच व्यवसायबंधूंशी आमचा मतभेद आहे. अभ्यासक्रमात जे नाटक असेल त्याच प्रयोगाला विद्यार्थ्यांना न्यावे, अशी प्रथा आहे. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची असेल. पण छापील संहिता विद्यार्थ्याच्या हातात असतेच. जे हातात नाही ते त्याने पाहावे. अपवाद दोन. एक संगीत नाटक, कारण पद कागदावर मुके असते. दुसरा महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’सारख्या त्रयीचा. ‘आविष्कार’ने १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग केली, आठ-नऊ तासांची. वर्गात ती तीन सत्रांत तीन स्वतंत्र पुस्तके म्हणून शिकवता येतात, आणि देशपांड्यांच्या वाड्याची पडझड विद्यार्थी टिपणात उतरवून घेतो. सलग बसलेल्याला ती पडझड अंगावर येते. असा योग पत्रिकेत दिसला तर त्या दिवसाचे बाकीचे सारे प्रयोग निःशंकपणे सोडावेत, आणि मुक्कामाची सोय आधी करावी.