वाहत्या होडीतील गळमासेमारी

वाहत्या होडीतील गळमासेमारी ही गळ आणि दोरीने मासे पकडण्याची एक पद्धत आहे. इंग्रजीत तिला ‘ड्रिफ्ट फिशिंग’ म्हणतात. या पद्धतीत होडी नांगरलेली नसते आणि तिचे यंत्रही बंद असते. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ती वाहत जाते व आमिष लावलेला गळ तिच्याबरोबर तळालगत सरकत राहतो. मोठ्या जाळ्या प्रवाहात सोडून केली जाणारी व्यापारी मासेमारी हिच्याहून वेगळी आहे. कोकणात गळाने मासे धरण्यास ‘गरवणे’ असा शब्द आहे.

मुख्य दोरी, बुडवणारे वजन, उपदोरी, गळ आणि आमिष यांच्या एकत्र मांडणीला जोडणी किंवा ‘रिग’ म्हणतात. आमिष तळाजवळ राहणे आणि ते नैसर्गिकपणे हलणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे हा जोडणी व वजन यांच्या निवडीमागील हेतू असतो. म्हणून तळाचा स्पर्श टिकवून ठेवणारे कमीत कमी वजन हेच योग्य वजन मानले जाते.

== होडी, वारा आणि प्रवाह ==

प्रवाह जितका वेगवान, तितके वजन जड हवे, असा सर्वसाधारण समज आहे. तो नांगरलेल्या होडीच्या बाबतीत खरा आहे; वाहत्या होडीच्या बाबतीत मात्र अपुरा आहे. वारा पडलेला असेल तर होडी आणि तिच्याभोवतीचे पाणी जवळजवळ एकाच वेगाने सरकतात. अशा वेळी प्रवाह जोराचा असूनही दोरी बरीचशी उभी राहते आणि हलके वजन पुरते. तळालगतचे पाणी घर्षणामुळे पृष्ठभागावरील पाण्यापेक्षा सावकाश वाहते, त्यामुळे दोरी थोडी कलते इतकेच.

वारा सुटला की होडी पाण्याच्या तुलनेत वेगळ्या गतीने ढकलली जाते आणि दोरी तिरपी होऊ लागते. वजन ठरते ते मुख्यत्वे या फरकावरून. दोरीवर पाण्याचा जो ओढा पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर ओढा सुमारे चौपट होतो. त्यामुळेच सकाळी पुरेसे वाटलेले वजन दुपारच्या वाऱ्यात तळाला टेकत नाही.

दोरी वाऱ्याच्या दिशेकडे मागे पसरत असल्याने होडीच्या वाऱ्याकडील बाजूने गळ सोडतात. विरुद्ध बाजूने सोडल्यास दोरी होडीखाली जाऊन अडकते. वारा फार असल्यास शंकूच्या आकाराची कापडी पिशवी पाण्यात सोडून होडीची गती कमी करतात. तिला ‘ड्रोग’ म्हणतात. वजन वाढवत नेण्यापेक्षा हा उपाय अनेकदा सोयीचा ठरतो.

== वजनाची निवड ==

सुरुवातीसाठी दर ३ मीटर खोलीस सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे एक औंस, असा ठोकताळा वापरला जातो. त्यानुसार १५ मीटर खोलीवर सुमारे १४० ग्रॅम वजन लागेल. हा केवळ आरंभबिंदू आहे. पुढचा निर्णय दोरीच्या कलावरून घ्यायचा असतो. वजन तळाला टेकल्यावर दोरी पाण्याशी साधारण ४५ अंशांचा किंवा त्याहून उभा कोन करत असेल आणि वजनाचे हलके ठोके हाताला जाणवत असतील, तर निवड योग्य आहे. दोरी याहून आडवी होऊ लागली आणि ठोके थांबले, तर वजन वाढवावे. नुसती दोरी सोडत राहिल्यास पाण्यातील तिची लांबी वाढते व ओढाही वाढतो. उलट वजन एकाच जागी रुतून बसत असेल, तर ते कमी करावे.

दोरीची जाडीही तितकीच महत्त्वाची असते. ०.४० मिलिमीटरऐवजी ०.२० मिलिमीटर जाडीची दोरी वापरल्यास ओढा जवळजवळ निम्मा होतो. विणीची दोरी तेवढ्याच ताकदीच्या एकतंतू नायलॉन दोरीपेक्षा बारीक असते, म्हणून तिच्याबरोबर हलके वजन चालते.

भरती-ओहोटीच्या संधिकाळात पाणी थबकलेले असते आणि दोन संधींच्या मधल्या काळात सहसा वेग सर्वाधिक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह जोराचा, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत तो मंद असतो. यामुळे एकाच फेरीत तीन-चार निरनिराळी वजने जवळ ठेवतात आणि ती चटकन बदलता यावीत म्हणून कडीने अडकवतात.

वजनाचा आकारही पाहावा लागतो. लांबट, गुळगुळीत वजन खडकाळ तळावरून सहज घसरते. गोल वजन वाळूवर चालते. पिरॅमिडच्या आकाराचे वजन वाळूत रुतते. ते किनाऱ्यावरून स्थिर गळ टाकण्यास उपयुक्त असले, तरी वाहत्या होडीस गैरसोयीचे असते.

== जोडणीचे प्रकार ==

* तीन तोंडांची जोडणी : तीन कड्या असलेल्या फिरकीच्या एका कडीस मुख्य दोरी, दुसरीस १० ते २० सेंटिमीटरच्या तुकड्याने वजन आणि तिसरीस ६० ते १०० सेंटिमीटरची उपदोरी व गळ बांधतात. वजनाचा तुकडा मुद्दाम कमी ताकदीचा घेतात. वजन खडकात अडकल्यास तेवढाच तुटतो आणि उरलेली जोडणी वाचते.
* सरकत्या वजनाची जोडणी : वजन मुख्य दोरीवर मोकळे सरकते. माशाने आमिष ओढल्यावर त्याला वजनाचा भार लागलीच जाणवत नाही. सावधपणे खाणाऱ्या माशांसाठी ही उपयुक्त आहे.
* उभी जोडणी : वजन सर्वांत खाली आणि त्याच्या वर आखूड उपदोऱ्यांना एक किंवा दोन गळ असतात. खडकाळ किंवा शेवाळलेल्या तळावर आमिष थोडे वर राहते.

अमेरिकेच्या न्यू यॉर्क व न्यू जर्सी किनाऱ्यावर समर फ्लाउंडर हा मासा या पद्धतीने पकडतात. कोकणातील लेप या माशाप्रमाणे तो चपटा असून वाळूत अंग लपवून भक्ष्याची वाट पाहतो. आमिष तळापासून फार वर गेले तर ते त्याच्या टप्प्यात येत नाही. म्हणून तेथे तीन तोंडांची जोडणी अधिक रूढ आहे.

== आमिष आणि गळ ==

माकुळाची निमुळती पट्टी, लहान मासे किंवा माशाच्या मांसाचे काप हे नेहमीचे आमिष होय. पट्टी रुंद टोकाकडून एकदाच गळात ओवतात. ती वाकडी लावल्यास पाण्यात गिरक्या घेते, उपदोरीला पीळ बसतो आणि आमिष कृत्रिम दिसते.

टोक आत वळलेला गोलाकार गळ बहुधा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. पोटात जाण्याचे प्रमाण कमी राहते. त्यामुळे सोडून दिलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. हा गळ वापरताना हिसका न देता दोरी सावकाश गुंडाळावी लागते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आमिषाने स्ट्राइप्ड बास धरताना २०२१ पासून असा गळ बंधनकारक आहे.

== नदीतील प्रकार ==

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांत स्टीलहेड व सामन माशांसाठी काठावरूनही ही पद्धत वापरतात. येथे होडीऐवजी आमिषच वाहते. गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका फेकतात आणि वजन तळाला थांबून थांबून टेकत खाली येते. ते सतत घासत असेल तर जड आहे आणि क्वचितच टेकत असेल तर हलके आहे. पेन्सिलसारखी शिशाची कांडी हवी तेवढी कापून वजन जुळवता येते.

== शिसे आणि पर्यावरण ==

शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम आहे. ते स्वस्त असते आणि ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून वजनांसाठी ते सर्वत्र रूढ झाले. परंतु ते विषारी आहे. हंसांसारखे पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. त्यांबरोबर शिशाचे तुकडे पोटात जाऊन विषबाधा होते. ब्रिटनमधील हंसांच्या मृत्यूंनंतर इंग्लंड व वेल्समध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आली. समुद्रातील जड वजने या मर्यादेबाहेर राहिली, तरी तुटून पडलेले प्रत्येक वजन पाण्यातच उरते.

पोलाद (७.८५) आणि टंगस्टन (१९.२५) हे पर्याय आहेत. पोलादाचे वजन तेवढ्याच भाराच्या शिशापेक्षा सुमारे दीडपट जागा व्यापते. त्यामुळे त्यावर पाण्याचा ओढा अधिक पडतो आणि थोडे जड वजन घ्यावे लागते. टंगस्टन आटोपशीर असले तरी महाग आहे. घरी शिसे वितळवून वजने ओतताना निघणारी वाफ व धूळ आरोग्यास, विशेषतः मुलांच्या आरोग्यास, घातक असते. शिसे हाताळल्यानंतर जेवणापूर्वी हात धुवावेत आणि वजन दातांनी दाबून बसवू नये.

== हेसुद्धा पाहा ==

* भरती-ओहोटी
* गळ
* शिसे