घरयादीतला ‘मुका’: विसरवाडीहून दिसलेला स्वमग्नतेच्या सरकारी आधाराचा इतिहास

१९८१च्या जनगणनेआधीचे घरयादीचे काम १९८० साली आम्हा प्राथमिक शिक्षकांकडे आले. मी नोकरीत नवा होतो. माझ्या वाट्याला विसरवाडीच्या आसपासचे पाडे आले. नवापूर तालुक्यातले, सुरत-धुळे महामार्गावरचे हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. भोवताली भिल्ल, मावची, कोकणी वस्ती. त्या वर्षीच्या घरयादीत अपंगत्वाचा प्रश्न होता आणि उत्तराला तीनच रकाने होते : पूर्ण अंध, पूर्ण पांगळा, पूर्ण मुका.

एका घरात आठेक वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून सुपातले दाणे एका रांगेत लावत होता. हाक मारली तरी वळला नाही. ‘‘बोलत नाही हो गुरुजी,’’ आई म्हणाली. मी ‘पूर्ण मुका’ असे नोंदवले आणि पुढच्या घरी गेलो. पंधरा दिवसांनी तोच मुलगा मला विसरवाडीच्या एस.टी. थांब्यावर दिसला. बापाचे बोट धरून उभा होता आणि कंडक्टरच्याच हेलात ‘नवापूर, नवापूर, नवापूर’ म्हणत होता. गाडी गेली तरी त्याचे चालूच होते. घरयादीचे कागद तोवर तहसीलला पोहोचले होते. नोंद दुरुस्त करावी असे माझ्या मनातही आले नाही. पुढे तो आमच्या शाळेत दोन महिने आला. वर्गात कानांवर हात ठेवून बसायचा, मध्येच उठून दाराशी जायचा. वर्षअखेरीस पटावर त्याच्या नावापुढे ‘नाव कमी’ असा शेरा लिहिला गेला. तोही माझ्याच हाताने.

तो मुलगा स्वमग्न होता, असे मी आज म्हणणार नाही. ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याला तो अधिकार आहे अशा माणसापर्यंत तो का पोहोचला नाही, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला सोडीना. हा लेख त्याच प्रश्नाचा माग आहे.

सरकारने माणसातले वैगुण्य मोजणे माझ्यापासून सुरू झाले नव्हते. १८८१ ते १९३१च्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चार वर्ग मोजले जात. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आमचा भाग पश्चिम खानदेशात गेला, रकाने मात्र तेच राहिले. न बोलणारे पण ऐकू येणारे मूल या चारांपैकी कुठे बसवायचे, हे प्रगणकाच्या समजुतीवर राहत असणार. स्वातंत्र्यानंतर ही मोजणी बराच काळ बंद होती. १९८१मध्ये तीन प्रकार आले, १९९१मध्ये प्रश्नच गाळला गेला, २००१मध्ये पाच प्रकार झाले आणि २०११मध्ये आठ. या आठांतही स्वमग्नतेला स्वतंत्र जागा नव्हती.

वैद्यकशास्त्राला हे नाव तोवर नवे राहिले नव्हते. १९४३मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच मुलांविषयी लिहिले. कॅनरच्या अकरांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन बोलत नव्हती. बोलणारी मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी, त्याच स्वरात परत म्हणत. हे वर्णन मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम वाचले आणि वाचताना मला एस.टी. थांबा आठवला.

पुढची दोन दशके या मुलांच्या आयांना दोष देण्यात गेली. आईच्या मायेची ऊब कमी पडल्याने मूल असे होते, हा समज जाणकारांतही रुजला होता. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, या समजाला पुस्तकातून आव्हान दिले. आमच्या पाड्यांवर अजूनही आईलाच विचारतात, पोटुशी असताना तू काय पाहिलेस, कुठे गेली होतीस? मोठ्या शहरांतल्या विद्वानांची चूकही याच जातीची होती.

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी पहिली दारे उघडली ती पालकांनी आणि समाजसेवकांनी. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ची, पुण्यातली ‘कामायनी’ १९६४ची. या शाळा मतिमंद मुलांसाठी निघाल्या होत्या. स्वमग्न मुलाला आसरा मिळालाच, तर तो त्याच नावाखाली मिळे. केंद्र सरकारनेही १९८४मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था उभारली ती मतिमंदांसाठी. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती.

कायद्याच्या पुस्तकात हा शब्द ठळकपणे आला तो १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा न्यास आहे. पालकत्वाचे अर्ज ऐकणारी जिल्हापातळीवरची समिती याच कायद्यातली. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाछत्र मिळते. त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला होता. म्हणजे जिल्हा आणि शब्द आमच्याकडे जवळपास बरोबरच आले. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले, तेव्हा कुठे स्वमग्नतेला त्यात स्वतःचे स्थान मिळाले.

नावाला जागा देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न मधल्या काळात झाला होता. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. देशभराच्या योजनेचा आरंभ आदिवासी भागात झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. या योजनेतले फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जाऊन मुले तपासते. तपासायच्या तीस बाबींत स्वमग्नता आहे. संशय आला की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी या केंद्राची कल्पना आहे.

फ्रान्सने २००५च्या आराखड्यात प्रत्येक प्रांताला सरकारी खर्चाचे एक स्वमग्नता केंद्र देण्याचे ठरवले होते. निदान, सल्ला आणि शिक्षक-डॉक्टरांचे प्रशिक्षण ही त्याची कामे. आपली कल्पना त्याहून मुळापर्यंत जाणारी आहे, कारण ती अंगणवाडीच्या दारातून सुरू होते. अडचण त्या दारापासून केंद्रापर्यंतच्या रस्त्यात आहे.

विसरवाडीहून खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जाऊन परतायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडाला. बोलण्याचा किंवा वागणुकीचा उपचार एका भेटीत होत नाही. तो आठवड्यामागून आठवडा, महिनोन्महिने चालतो. दिवाळी सरली की इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, मुलेही सोबत जातात. ज्या पावसाळ्यात मूल गावात असते, त्याच काळात शेतातले काम आईला सोडत नाही. पथकाने चिठ्ठी दिली तरी ती पत्र्याच्या पेटीत राहते.

दुसरे अंतर भाषेचे. निदानासाठी आपल्याकडे वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी चाळीस प्रश्नांची आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या आत असेल तर स्वमग्नता नाही. नजरेला नजर न देणे हे त्यातले अगदी पहिले लक्षण. आमच्या पाड्यांवरचे धडधाकट मूलही परक्या साहेबापुढे मान खाली घालते. ती त्याची रीत असते. तपासणारा मराठीत विचारतो, आई मावचीत विचार करून अडखळत मराठीत सांगते. या मधल्या फटीतून मूल निसटते, किंवा नको त्या रकान्यात पडते. मी १९८० साली हेच केले होते.

या इतिहासातून मला एवढेच उमगले : सरकारने आधी रकाना दिला, मग नाव दिले, मग जिल्ह्याच्या गावी केंद्र दिले. प्रत्येक पायरीला काही पिढ्या लागल्या आणि प्रत्येक पायरी खरी होती. आता उरले आहे ते अंतर. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, गावच्या बाजाराच्या दिवशी, केंद्रातली दोन माणसे ग्रामीण रुग्णालयात येऊन बसली, सोबत मावची जाणणारी अंगणवाडीताई असली आणि ऊसतोडीला निघालेल्या आईच्या हाती चार सोप्या गोष्टी शिकवून दिल्या, तर त्याला नवा कायदा लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्या पाड्यावर जाऊन आलो. घर बंद होते. शेजारी म्हणाले, माणसे कामाला बाहेर आहेत. तोही त्यांच्याबरोबर असतो, उसाच्या मोळ्या चांगल्या बांधतो, एकसारख्या. तो आता पन्नाशीचा असेल. ‘‘बोलतो का?’’ मी विचारले. ‘‘बोलतो की,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी आली की सगळ्या गावांची नावं घेतो.’’