बार्लीवाइन: नाव, लाकूड आणि चव यांचा इतिहास

बार्लीवाइनच्या नावात वाइन असली तरी तिचा द्राक्षांशी संबंध नाही. मोड आणून वाळवलेल्या जवापासून, म्हणजेच माल्टपासून केलेली ही अतिशय कडक बिअर आहे. साध्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 4 ते 5 टक्के असते. हिच्यात ते 8 ते 12 टक्क्यांपर्यंत जाते. आज ती बऱ्याचदा ओकच्या पिंपात काही महिने मुरवून विकतात आणि तिला ‘जुनी इंग्रजी परंपरा’ म्हणतात. या पाठात आपण हा दावा तपासू. त्यासाठी ती पिण्याची गरज नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांना राज्याच्या कायद्याने तशी मुभाही नसेल. चाखणारे जे वर्णन करतात ते पुरावा म्हणून वाचले की पुरे.

हे वर्णन साधारणपणे असे असते: सुरुवातीला व्हॅनिला आणि खोबरे, मग जळलेली साखर, मनुका आणि खजूर, शेवटी शेरीसारखा वास आणि घशात ऊब. प्रश्न असा, की या सगळ्या चवी एकाच काळातल्या आहेत का?

नावाचे वय

ग्रीक सैनिक-लेखक झेनोफोन इ.स.पू. 401 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेतून परतताना आर्मेनियातून गेला. तिथल्या खेड्यांत त्याने ‘जवाची वाइन’ पाहिली. भांड्यात वर जवाचे दाणे तरंगत होते आणि लोक ती बोरूच्या नळीने ओढून पीत होते. शब्द तेच, पण वस्तू वेगळी. बिअरमध्ये हॉप्स घालण्याची पद्धत युरोपात रुजली ती त्यानंतर कित्येक शतकांनी.

इंग्लंडमधली गोष्ट याच्या उलट आहे. तिथे वस्तू आधी आली आणि नाव नंतर. अठराव्या शतकात अशा बिअरला ऑक्टोबर एल किंवा स्टॉक एल म्हणत. बर्टन गावातल्या बास कंपनीची (स्थापना 1777) सर्वांत कडक बिअर ‘नंबर 1’ होती. ती ‘बार्ली वाइन’ म्हणून ओळखली जाऊ लागली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी.

कडकपणाचे कारण

शीतकरण यंत्रे नव्हती तेव्हा उन्हाळ्यात केलेली बिअर लवकर नासे. म्हणून टिकाऊ बिअर थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये करत. माल्टवर गरम पाणी ओतून काढलेला पहिला काढा सर्वांत गोड असतो. त्याची कडक बिअर होई. त्याच माल्टच्या पुढच्या काढ्यांची सौम्य बिअर रोजच्या पिण्यासाठी जाई. जास्त साखर म्हणजे आंबल्यावर जास्त अल्कोहोल, आणि त्याला हॉप्सची जोड मिळाली की जंतूंची वाढ रोखली जाते. म्हणजे कडकपणा हा शौक असण्याआधी टिकवण्याचा उपाय होता. श्रीमंत घराण्यांत वारस जन्मला की अशी बिअर करून ठेवत आणि तो 21 वर्षांचा झाला की पिंप फोडत. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातून याच जातीची ऑक्टोबर बिअर पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून, भारतातल्या इंग्रजांसाठी येत असे.

पुढे मोजमाप आले. जॉन रिचर्डसनने 1784 मध्ये सॅकॅरोमीटरवर पुस्तक लिहिले आणि काढ्यातली साखर आकड्यात सांगता येऊ लागली. काढ्याची सापेक्ष घनता 1.100 म्हणजे एक लिटर काढ्याचे वजन सुमारे 1100 ग्रॅम. बार्लीवाइन याच आसपास असते. पण जे मोजता येते त्यावर करही बसवता येतो. ब्रिटनने 1880 मध्ये माल्टवरचा कर काढून तो काढ्याच्या घनतेवर आणला. पहिल्या महायुद्धात हा कर झपाट्याने वाढला, काढ्याच्या घनतेवर बंधने आली आणि सर्वच बिअर सौम्य झाल्या. कडक बिअर उरली ती मुख्यतः छोट्या बाटल्यांत.

लाकडाचे वय

इथे नीट लक्ष द्या. जुन्या इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळीच बिअर लाकडी पिंपात असे. तरीही कारखानदारांना लाकडाची चव नको होती! म्हणून ते बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून येणारा ओक पसंत करत. तो बिअरला फारशी चव देत नसे. अमेरिकन ओक चव देतो म्हणून तो टाळत. आपल्याकडे लोणचे बरणीत मुरते, पण बरणीची चव लोणच्यात कोणी शोधत नाही. पिंपाकडूनही नेमकी तीच अपेक्षा होती.

तरीही पिंपातून एक चव येई, ती लाकडात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाची. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सनने 1883 मध्ये शुद्ध यीस्ट वेगळे काढले. पण नुसत्या शुद्ध यीस्टने इंग्रजी स्टॉक बिअरची चव येईना. कोपनहेगनमध्येच काम करणाऱ्या क्लाउसेनने 1904 मध्ये कारण मांडले: मुरताना दुसरेच एक यीस्ट हळूहळू काम करते. त्याने त्याला ब्रेटानोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. त्याचा वास चामड्यासारखा असतो.

व्हॅनिला आणि खोबरे कुठून आले?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बिअरला अमेरिकेत नवे आयुष्य मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 1975 मध्ये ओल्ड फॉगहॉर्न केली, तर सिएरा नेवाडाची बिगफूट 1983 मध्ये आली. बर्बन व्हिस्कीची पिंपे त्यानंतर आली. अमेरिकी नियमानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी निकामी होते आणि बाजारात येते. शिकागोच्या गूस आयलंडने 1990च्या दशकात अशा पिंपांत कडक स्टाउट मुरवली. मग इतरांनी बार्लीवाइनसाठीही तो मार्ग धरला. ओक तापवला की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते. ओकमधली लॅक्टोने खोबऱ्याची आठवण करून देतात.

निष्कर्ष

आता ते वर्णन पुन्हा वाचा. मनुका आणि शेरीची चव संथ ऑक्सिडीकरणाची. ती अठराव्या शतकातल्या माणसाला ओळखीची वाटली असती. चामड्याचा वास त्याने शोधला असता, पण आजच्या शुद्ध यीस्टच्या बिअरमध्ये तो बहुधा मिळाला नसता. व्हॅनिला आणि खोबरे त्याच्या पिंपवाल्याने दोष मानले असते. म्हणजे परंपरेचा दावा पूर्ण खोटा नाही, पण जी चव सर्वांत आधी जाणवते तीच सर्वांत नवी आहे. कोणत्याही ‘प्राचीन’ गोष्टीसमोर उभे राहाल तेव्हा शब्द, वस्तू आणि तंत्र यांची वये वेगवेगळी विचारा.

विचारासाठी प्रश्न

1. कर आकारण्याची पद्धत बदलल्याने एखादी वस्तूच बदलते, याचे भारतीय इतिहासातले एक उदाहरण द्या.
2. तुमच्या भागातला ‘पारंपरिक’ म्हणून विकला जाणारा एक पदार्थ निवडा. त्याचे नाव, घटक आणि कृती यांची वये स्वतंत्रपणे शोधा.
3. एका पिढीचा दोष पुढच्या पिढीला गुण का वाटतो? बर्बन पिंपाच्या आधारे लिहा.