सूक्ष्मनियंत्रकाचे मंडलांतर्गत कार्यक्रमण

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे मायक्रोकंट्रोलर विद्युत् मंडलात कायमचा जोडल्यावर, तो न काढता, त्याच्या स्मृतीत कार्यक्रम भरण्याच्या क्रियेस मंडलांतर्गत कार्यक्रमण म्हणतात.

डॉव्ह फ्रोमन यांनी इंटेल कंपनीत १९७१ मध्ये जंबुपार किरणांनी पुसता येणारी स्मृती विकसित केली. १९७६ मधील इंटेल ८७४८ या सूक्ष्मनियंत्रकात अशी १,०२४ बाइटांची स्मृती अंतर्भूत होती. तीतील एक चूक सुधारण्यासाठीही तो खोबणीतून काढून, क्वॉर्ट्‌झच्या खिडकीतून बराच वेळ किरण पाडून, स्वतंत्र यंत्रावर पुन्हा भरावा लागे. १९९३ मध्ये मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी१६सी८४ मध्ये विद्युतीय रीत्या पुसली जाणारी स्मृती आली. पुनःस्थापन, पुरवठा, भूमी, माहिती व कालस्पंद या पाच जोडण्यांनी ती जागच्या जागी भरता येऊ लागली.

या सोयीबरोबर नव्या अडचणीही आल्या. पूर्वी भरणयंत्र व सूक्ष्मनियंत्रक यांच्यामध्ये दुसरे काही नसे. आता सर्व मंडलच त्यांच्यामध्ये आले. त्यामुळे भरण अयशस्वी झाल्यास दोष कार्यक्रमात नसून जोडणीत असण्याचा संभव अधिक असतो.

मंडलाला स्वतःचा विद्युत् घट असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. भरणयंत्रानेही पुरवठा केल्यास दोन उगमांमध्ये प्रवाह वाहतो. पुनर्भारित न होणारा लिथियम घट त्यामुळे तापून फुटू शकतो. म्हणून अशा वेळी यंत्राने पुरवठा न करता मंडलाचा दाब केवळ मोजावा. मात्र दोहोंची भूमी एकच असावी लागते. उलट घट बंद राहिल्यास माहितीच्या तारेतून, संरक्षक डायोडांमार्गे, प्रवाह आत शिरतो. सूक्ष्मनियंत्रक अर्धवट जागा होऊन प्रतिसादही देतो. परंतु लिहिलेले पडताळणीत टिकत नाही, आणि निर्दोष घटक सदोष समजून बदलला जातो.

पीआयसी१६सी८४ मध्ये भरणासाठी पुनःस्थापनाच्या अग्रावर १२ ते १४ व्होल्ट दाब द्यावा लागतो. तो ५ व्होल्टांच्या इतर भागांत शिरू नये म्हणून मध्ये डायोड किंवा रोधक घालतात. त्याच अग्रावरील मोठे धारित्र दाबाची चढण मंदावते, तर माहिती व कालस्पंद यांच्या तारांवरील धारित्रे स्पंदांच्या कडा बोथट करतात.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो : प्रथम सूक्ष्मनियंत्रकाच्या अग्रांवरच पुरवठा मोजावा, मग भूमी, पुनःस्थापन व शेवटी दोन्ही तारा पाहाव्यात. कार्यक्रमाविषयी शंका त्यानंतरच घ्यावी.