कच्चे मडके आणि परीक्षकाचे मौन

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. प्राचीन ग्रीक लेखांत तगर म्हणून ज्या पेठेचा उल्लेख येतो, ती हीच. परंतु महाराष्ट्रातील घराघरांत हे गाव ओळखले जाते ते गोरोबाकाकांमुळे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे हाती घेतले, एकेकाच्या मस्तकावर ते मारून मडकी पक्की की कच्ची हे पाहिले, आणि नामदेव रागावले तेव्हा ‘हे मडके कच्चे’ असा निकाल दिला, ही आख्यायिका आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कीर्तनात ती ऐकताना सर्वांस हसू येते. पण जन्मभर परीक्षा घेण्यात व उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांस ती ऐकून थोडे अस्वस्थही वाटते.

या कथेतील दोन गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली ही की, थापटणे हे मुळात भाजलेल्या मडक्याची परीक्षा घेण्याचे साधन नव्हेच. भाजलेले मडके बोटाने वाजवून पाहतात. थापटणे लागते ते ओल्या मडक्यास. कुंभार आतून आधार देतो, बाहेरून थापटण्याने हलके ठोके देतो, आणि त्या ठोक्यांबरोबरच माती किती ओली, कोठे जाड, कोठे पातळ, हे त्याच्या हातास कळत जाते. तेथे परीक्षा आणि घडण या दोन क्रिया नसून एकच क्रिया असते. दुसरी गोष्ट ही की, कच्चेपणाच्या निकालाने नामदेवांची कथा संपत नाही. तेथून ती सुरू होते. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. आमच्या शाळा-पाठशाळांनी या कथेतला निकाल तेवढा उचलला; आतला आधार आणि पुढचा गुरू हे दोन्ही वगळले. हे विशेषेकरून इंग्रजी भाषेच्या बाबतीत कसे घडले, आणि त्यावर गेल्या शतकात कोणता विचार पुढे आला, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

या जिल्ह्याचे इंग्रजीशी नाते प्रथमपासूनच काहीसे निराळे आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआब यांबरोबर हा प्रदेशही कंपनी सरकारच्या हवाली केला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे कर्ते कॅप्टन मेडोज टेलर हे त्या काळी नळदुर्गास राहून कारभार पाहत. परंतु १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला आणि इंग्रजी अंमल अवघ्या सात वर्षांत संपला. पलीकडे बार्शी-सोलापूर इंग्रजी राज्यात राहिले. तेथे इंग्रजी ही कचेरीची, वकिलीची, रेल्वेची आणि नोकरीची भाषा झाली. अलीकडे मात्र कचेरीची भाषा प्रथम फारसी आणि पुढे उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून राहिला. एका देशी भाषेत विद्यापीठ चालविण्याचा तो प्रयोग थोर होता यात शंका नाही. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या येथील मुलाच्या वाट्यास त्यातून काय आले, हेही पाहिले पाहिजे. त्याने प्राथमिक धडे मराठीत गिरवावेत, पुढचे शिक्षण बहुतांशी उर्दूत घ्यावे, आणि जी भाषा ना घरात, ना बाजारात, ना कचेरीत ऐकू येई, त्या इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे! बार्शीच्या मुलास इंग्रजी परकी असली तरी ओळखीची होती. धाराशिवच्या मुलास ती केवळ पुस्तकात भेटे.

या परिस्थितीवर येथील लोक स्वस्थ बसले नाहीत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर हे तरुण गृहस्थ तिचे मुख्याध्यापक म्हणून आले. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. एका आडगावच्या शाळेने राज्य हलविणारा पुरुष पुढे आणावा, ही गोष्ट शिक्षणाकडे नुसत्या निकालाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी विसरू नये. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. माध्यम मराठी झाले. इंग्रजीचे पुस्तकीपण मात्र तसेच राहिले, आणि तिची परीक्षाही तशीच राहिली.

ही परीक्षा आली कोठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, आणि प्रारंभी त्याचे मुख्य कार्य शिकविणे हे नसून परीक्षा घेणे हेच होते. १८६२ साली इंग्लंडात तर मुलांच्या परीक्षेतील यशावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत सुरू झाली. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एक नियम आहे: परीक्षा चालू असता परीक्षकाने बोलू नये. हा नियम निष्कारण नव्हे. वशिला, जातपात, ओळखदेख यांनी ग्रासलेल्या समाजात मुक्या परीक्षकाने कित्येक गरीब मुलांस न्याय दिला आहे. परंतु मौनात एक उणेपणाही आहे. विद्यार्थ्यास काय येत नाही हे त्यातून कळते. ते का येत नाही, आणि यावयास किती अवकाश आहे, हे कळत नाही.

हा उणेपणा प्रथम स्पष्टपणे मांडला तो रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी. पॅरिसचे आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती मागे पडणाऱ्या मुलांस साहाय्य मिळावे म्हणून. पण इतरांच्या हाती ती मुलांस वर्गवारीत कायमचे बसविण्याचे यंत्र झाली. व्हिगॉट्स्की यांनी एक साधा प्रश्न विचारला. दोन मुले कसोटीप्रमाणे आठ वर्षांच्या बुद्धीची ठरली. आता त्यांना थोडे साहाय्य द्या: एखादी सूचना, आरंभीची एखादी पायरी. तेवढ्याने एक मूल बारा वर्षांच्या मुलांची उदाहरणे सोडविते, तर दुसरे नवाच्या पुढे जात नाही. मग ही दोन मुले सारखी कशी? एकट्याने जे साधते आणि साहाय्याने जे साधते, त्यांमधील अंतरास त्यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. १९३४ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. दोन वर्षांनी सोव्हिएत सरकारने मुलांच्या मापनाचे हे शास्त्रच निषिद्ध ठरविले, आणि त्यांचे ग्रंथ कित्येक वर्षे दडपले गेले. इंग्रजी वाचकांस ते १९६२ नंतरच लाभू लागले.

हाच विचार जेरुसलेमात रूवेन फॉयरश्टाइन यांना स्वतंत्रपणे सुचला. महायुद्धाच्या संहारातून वाचलेली आणि उत्तर आफ्रिकेतून आलेली मुले रूढ कसोट्यांत मतिमंद ठरत. फॉयरश्टाइन यांनी कसोटी चालू असतानाच शिकवावयास आरंभ केला, आणि मूल शिकते कसे याचे मोजमाप घेतले. यासच आता गतिशील मूल्यमापन म्हणतात. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील जेम्स लँटॉल्फ आणि मॅथ्यू पोएनर यांनी ते परभाषेच्या अध्यापनात आणले, आणि तेथून आमच्या विषयाशी त्याचा संबंध जुळतो.

उदाहरण घेऊ. ‘तू काल तुळजापूरला गेलास का?’ याचे इंग्रजी करावयास सांगितले असता आमच्याकडील पुष्कळ मुले ‘डिड यू वेंट’ असे लिहितात. समजा, दोन मुलांनी तसे लिहिले. लेखी परीक्षेत दोघांस शून्य. आता शिक्षकाने मौन सोडावे, पण एकदम उत्तर सांगू नये. पायरीपायरीने सूचना द्यावी. प्रथम नुसते थांबावे. मग ‘पुन्हा वाच पाहू’ म्हणावे. मग चूक ज्या शब्दात आहे त्यावर बोट ठेवावे. मग ‘गो की वेंट?’ असे विचारावे. शेवटी उत्तर सांगून त्याचे कारण समजावून द्यावे. पहिला मुलगा शिक्षक थांबताच ओशाळून चूक सुधारतो. नियम त्याच्या ठायी आहे, सवय नाही. दुसरा शेवटच्या पायरीपर्यंत येतो. तेथे शिक्षक त्यास विचारतात, ‘डिड म्हणजे काय रे?’ तो म्हणतो, ‘का!’

या एका अक्षरात सारे रहस्य आहे. मराठीत प्रश्नाचा ‘का’ वाक्याच्या अंती येतो आणि काळाचे ओझे ‘गेलास’ हे क्रियापद एकटेच वाहते. मुलाने ‘डिड’ला ‘का’ समजून वाक्याच्या आरंभी बसविले आणि भूतकाळ नेहमीप्रमाणे क्रियापदावर ठेवला. म्हणजे तो मूर्ख नाही; तो मराठीच्या व्याकरणाने काटेकोरपणे विचार करीत आहे. इंग्रजीत काळ ‘डिड’ने उचलला की क्रियापद मोकळे होते, एवढे सांगितले की त्याचा मार्ग खुला झाला. आठ दिवसांनी ‘डज ही गोज’ ही चूक त्याच्यापुढे ठेवावी. ती त्याने कमी सूचनांत ओळखली, तर त्याची प्रगती झाली असे समजावे, मग लेखी गुण अद्याप वाढलेले नसले तरी चालेल.

यावर आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. साठ मुलांच्या वर्गात एकेकाशी इतके बोलावयास वेळ कोठून आणावा? शिक्षकाने आवडत्या मुलास अधिक सूचना दिल्या तर? पहिल्याचे उत्तर असे की, एका मुलाशी चाललेले संभाषण सारा वर्ग ऐकत असतो. एकास दिलेली सूचना दहांच्या उपयोगी पडते, आणि उत्तराऐवजी सूचना देण्याची सवय मुलांस एकमेकांतही लावता येते. दुसऱ्याचे उत्तर असे की, सूचनांच्या पायऱ्या आधीच ठरवून कोणास कितवी लागली याची नोंद ठेवावी. शिवाय, सार्वजनिक परीक्षेत परीक्षकाने बोलावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तेथले मौन न्यायासाठी आहे. ते तसेच राहावे. आमचे म्हणणे वर्गापुरते आहे. सार्वजनिक परीक्षेचे मौन आम्ही वर्गात आणून बसविले, ही चूक झाली.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन आले. पण पुष्कळ ठिकाणी त्याचे तक्ते भरले गेले आणि संभाषण राहून गेले. २०१८ साली हा जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गणला गेला. आकांक्षित हा शब्द चांगला आहे. जे आज नाही पण उद्या होऊ शकेल, त्याकडे तो बोट दाखवितो. जिल्ह्यास जी दृष्टी लावली ती जिल्ह्यातील मुलास लावावयास काय हरकत आहे?

कारण प्रश्न गुणांपुरता नाही. इंग्रजीत एकदा, दोनदा अनुत्तीर्ण झालेला मुलगा ‘आपल्याला ते जमणार नाही’ असे स्वतःविषयीच ठरवून टाकतो. मुलीच्या बाबतीत हा निर्णय पुष्कळदा घरची माणसे करतात, आणि तिचे शिक्षण तेथेच थांबते. ज्या घरांतून आमचे हे पान वाचले जाते, तेथे शाळेतून आलेल्या मुलास ‘किती गुण मिळाले?’ असा प्रश्न रोज होत असेल. त्याच्या जोडीस ‘कोठे अडलास, आणि कोणी काय सांगितले तेव्हा सुटले?’ एवढे विचारले जावे. गोरोबांनी नामदेवांस कच्चे म्हटले, त्यावेळी विसोबा खेचरांचे घर अजून पुढे होते. वर्गात कच्चे ठरलेल्या मुलास त्या घरची वाट दाखविणारे कोणीतरी हवे, आणि ते काम परीक्षेच्या कागदाने होणारे नाही.